कोलारची सुवर्णशीर

पृथ्वीच्या कवचातील कोणत्याही साध्या खडकाचा टनभर चुरा करून त्यातील सोने कसोशीने वेगळे काढले, तर ते दोन-चार मिलिग्रॅमांपलीकडे भरत नाही; आणि म्हैसूर मुलखातील कोलारच्या चॅम्पियन शिरेने आरंभीच्या वर्षांत टनामागे चाळीस ग्रॅमांहून अधिक सोने दिले. सुमारे दहा हजार पटींचा हा संचय निसर्गाने कसा साधला, या प्रश्नाचे उत्तर त्या शिरेच्या घडणीतच लिहिलेले आहे, आणि माझ्या मते कोलारच्या वैभवाच्या सर्व कथांहून ते अधिक विस्मयकारक आहे.

बंगळूरच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरांवर उत्तर-दक्षिण पसरलेला, लांबीला ऐंशी किलोमीटर परंतु रुंदीला अवघा तीन-चार किलोमीटर असा काळपट खडकांचा एक पट्टा ग्रॅनाइट व पट्टिताश्मांच्या विस्तीर्ण प्रदेशात सापडल्यासारखा उभा आहे. हे खडक मूळचे समुद्रतळावर ओतलेले लाव्हारस. सुमारे २७० कोटी वर्षांचे वय असलेले, आणि पुढे प्रचंड दाब व उष्णता सोसून अँफिबोलाइटात रूपांतरित झालेले. याच पट्ट्यात, पश्चिमेकडे कललेली, किलोमीटरच्या किलोमीटर धावणारी परंतु जाडीला सरासरी जेमतेम मीटरभर असलेली गारेची शीर म्हणजेच खाणवाल्यांचे ‘चॅम्पियन रीफ’.

खडकांचे असे रूपांतरण होत असता त्यांच्या खनिजांत बद्ध असलेले पाणी, कर्बद्विप्राणिद वायू आणि गंधक मुक्त होतात. तीनशे-चारशे अंश तापलेल्या या द्रवात सोने गंधकाशी संयोग पावून विरघळते आणि खोलवरचे विभंग धरून वर चढू लागते. वरची वाट मात्र बंद असते. द्रवाचा दाब वाढत वाढत वरच्या खडकांच्या भाराइतका झाला की विभंग उघडतो, भूकंप होतो, दाब एका क्षणात कोसळतो, आणि विरघळलेली सिलिका गारेच्या रूपाने त्या फटीत साकळून वाट पुन्हा बुजवून टाकते. मग पुन्हा दाब, पुन्हा भंग, पुन्हा सांधणी. अशी आवर्तने शेकड्यांनी नव्हे तर हजारांनी झाली, तेव्हा ही शीर उभी राहिली. तिचा एखादा निळसर करडा तुकडा भिंगाखाली धरला, तर गारेतून समांतर गेलेल्या केसासारख्या काळ्या रेघा दिसतात. त्यांतील अनेक रेघा म्हणजे एकेका भंगाच्या वेळी बाजूच्या भिंतीचा सुटून आत अडकलेला पापुद्रा होय. त्या रेघांच्या आश्रयाने, कधी नुसत्या डोळ्यांस दिसेल एवढे, परंतु बहुधा न दिसणारे सोने वसलेले असते.

सोने तेथेच का थांबते, याचे एक कारण दाबाचा हा अकस्मात ऱ्हास आणि दुसरे त्या काळ्या खडकातील लोह. द्रवातील गंधक लोहाशी जुळून पायराइटासारखी खनिजे बनवू लागले की सोन्याला वाहून नेणारा सोबतीच नाहीसा होतो. २०२४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी याला आणखी एक संभाव्य कारण जोडले: दाबली गेलेली गार विद्युद्भार निर्माण करते, आणि त्या भाराने द्रवातील सोने आधीच्या सोन्याच्या कणावर जाऊन बसते, असे त्यांनी प्रयोगशाळेत दाखवले. रसायनदृष्ट्या एवढ्या निष्क्रिय गारेत सोन्याचे गोळे कसे वाढतात, या जुन्या कोड्यावर त्यामुळे नवा प्रकाश पडला आहे.

या शिरेचा माग प्रथम काढला तो अर्थात तेथील रयतेने. १८०२ साली म्हैसूरच्या पूर्व सरहद्दीच्या मोजणीवर असलेल्या लेफ्टनंट जॉन वॉरनच्या कानी सोन्याची वदंता आली, आणि त्याने बक्षीस जाहीर करताच उरिगामचे गावकरी मातीने भरलेल्या बैलगाड्या घेऊन हजर झाले. वॉरनने यावर लिहिलेल्या लेखावरून स्फूर्ती घेऊन मायकेल लॅव्हेल याने १८७३ साली खाणकामाच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि १८७५ साली, राज्याचा कारभार इंग्रज कमिशनरच्या हाती असताना, त्याला तो वीस वर्षांसाठी मिळाला. १८८० साली जॉन टेलर आणि मंडळी ही खाण-कंपनी आली. भांडवल आटत आले असता कॅप्टन प्लमर याने १८८३च्या सुमारास जुन्या लोकांनी खोदून सोडलेल्या विवरांचाच धागा धरून खाली उतरण्याची तजवीज केली, आणि समृद्ध शीर हाती लागली. त्या अनामिक खोदणाऱ्यांना या यशाचे श्रेय आजवर पुरेसे मिळालेले नाही.

पुढे १९०२ साली शिवसमुद्रमच्या धबधब्यावरून वीज आली, आणि शाफ्ट ३,२०० मीटरांपर्यंत उतरले. तेथे खडकाचे तापमान साठ अंशांच्या पलीकडे होते. याहून भयंकर होते ते खडकाचे स्फोट: गार काढून घेतलेल्या पोकळीभोवती वरच्या पर्वतप्राय खडकांचा ताण एकवटे आणि भिंत एकाएकी फुटे. त्यावर उपाय म्हणून पोकळ्यांत ग्रॅनाइटचे, पुढे काँक्रीटचे भराव घातले गेले. तरीही अनेक कामगारांनी तेथे प्राण गमावले.

या खोलीचा एक अनपेक्षित लाभ विज्ञानाला झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, जपान व इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह, १९६५ साली भूपृष्ठाखाली दोन किलोमीटरांहून अधिक खोल याच खाणीत वातावरणात उत्पन्न झालेल्या न्यूट्रिनोंचा छडा लावला. वरच्या खडकाने इतर किरणे अडवली होती म्हणूनच ते साधले.

सुमारे आठशे टन सोने देऊन, धातुकाची प्रत टनामागे तीन ग्रॅमांच्या आसपास उतरल्यावर, २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या आणि शाफ्टांत पाणी चढले. रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे मात्र तशाच खडकांतून काम चालू आहे. आपल्या विदर्भातील साकोली पट्ट्यातही गारेच्या शिरांत सोन्याचे अंश भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला आढळले आहेत. तेथेही भूवैज्ञानिक आधी पाहतात ते विभंग, त्याच्या काठचा लोहयुक्त खडक, आणि वारंवार भंगून सांधल्याच्या खुणा असलेली पट्टेदार गार.