फुकटचा वकील म्हणून गप्प बसू नका



लेकराच्या पोटगीसाठी कोर्टाकडून मोफत वकील मिळाला, पण तो तारखेला येत नाही, आला तर कागद न बघताच पुढची तारीख घेतो, असे गाऱ्हाणे आपल्या लेकीबाळी सांगतात. ‘फुकटचा वकील, त्याला काय बोलायचं?’ म्हणून गप्प बसतात. नुकसान होते ते लेकराचे.

ही मदत उपकार नव्हे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया व मुले यांचा तो हक्क आहे; त्यांना उत्पन्नाची अट नाही. वकिलाची फी प्राधिकरण देते, त्याने पक्षकाराकडे पैसे मागायचे नाहीत. काम नीट होत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज द्यावा. वकील कोणत्या तारखांना गैरहजर होता ते लिहावे, पोच घ्यावी. वकील बदलून मिळू शकतो. 15100 या फोनवरही विचारता येते.

मात्र आपण स्वतः तारीख चुकवू नये. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. बापाचा सातबारा, कारखान्याला किती ऊस जातो ही माहिती वकिलाला आधीच द्यावी. हुकूम होऊनही पोटगी थकली, तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा.

वकील बदलता येतो. लेकराचं शाळेचं वाया गेलेलं वर्ष परत येत नाही.