खळ्यातली जीप

खान्देशात जीप ही हौसेची वस्तू कधीच नव्हती. मुंबई-पुण्याकडे ज्या वयाच्या जीपला आता हार घालून प्रदर्शनात उभं करतात, त्याच वयाच्या जीपमधून रावेर-सावद्याच्या बागांतली केळी बाहेर निघाली, शहादा-धडगावच्या वाटांवर मावतील तितकी माणसं आठवड्याच्या बाजाराला गेली, यावलच्या जंगलात वनखात्याची माणसं हिंडली आणि निवडणूक आली की भोंगे बांधून उमेदवारही फिरले. आमच्याकडे काळीपिवळी म्हटलं की डोळ्यांसमोर जीपच येते. मोडेपर्यंत वापरायची, मोडली की जोडायची आणि जोडणं परवडेनासं झालं की खळ्यात नेऊन उभी करायची, अशी इथली रीत.

२०१८ मध्ये धुळे तालुक्यातल्या एका खळ्यातून अशीच एक महिंद्रची एमएम ५४० आम्ही जळगावला आणली. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझा भाचा. मी सहकारी बँकेत हिशेब लिहिणारा, भाचा तेव्हा आयटीआयला. खळ्याच्या मालकांनी पैसे मोजून घेतले आणि एवढंच म्हणाले, ‘लई जा भाऊ, पन भंगारमा देऊ नको.’ २०२१ संपता संपता ती गाडी कागदोपत्री पुन्हा रस्त्यावर आली. त्या मधल्या काळाकडे आज पाहताना वाटतं, आमच्या निम्म्या अडचणी त्या खळ्यातल्या नव्हत्याच. त्या गाडीच्या कुळातल्या होत्या. म्हणून आधी कुळाबद्दल.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियानात ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं आणि १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पुढे आपल्याकडे रुजली ती सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ साली आली. तिच्या पेट्रोल इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये होते. त्यामुळे इंजिन उंच झालं, आणि ते झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं. तो उंच चेहरा पुढच्या कित्येक भारतीय जीपांच्या कपाळी आला तो असा. अमेरिकेने हे मॉडेल १९६८ मध्ये थांबवलं. आपण मात्र त्याच सांगाड्याच्या नाना आवृत्त्या काढत पुढे कित्येक वर्षं चालत राहिलो. मग डिझेलचे दिवस आले आणि या अमेरिकी सांगाड्यावर फ्रेंच इंजिन बसलं. प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, २११२ सीसी, ६२ अश्वशक्ती. एमएम ५४० त्याच संसारातली.

या संकराचा अर्थ पाना हातात घेतल्यावर कळतो. सांगाडा, अ‍ॅक्सल, ट्रान्स्फर केस हे सगळं विलीजच्या घराण्यातलं, म्हणून इंचाचं. इंजिन मिलिमीटरचं. एका हाताला सात-सोळांश, नऊ-सोळांश पाने, दुसऱ्या हाताला तेरा, सतरा, एकोणीस. त्यात मागच्या तीस वर्षांत ज्याच्या हाती जो बोल्ट लागला तो त्याने ठोकून बसवलेला. अर्धा इंच आणि तेरा मिलिमीटर यांत फरक फक्त तीन दशांश मिलिमीटरचा. घाईतल्या माणसाला तो दिसत नाही, पण बोल्टच्या डोक्याचे कोपरे मात्र झिजून गोल होतात. भाचा पहिल्याच आठवड्यात वैतागून म्हणाला, ‘मामा, ही गाडी आहे की संयुक्त राष्ट्रसंघ?’ आम्ही दोन रंगांच्या टेपा आणल्या. इंचाच्या पान्यांना लाल, मिलिमीटरच्यांना हिरवी.

बँकेतली सवय इथे कामाला आली. जो भाग सुटेल त्याची नोंद वहीत करायची, बोल्ट-नट पिशवीत घालून पिशवीवर क्रमांक टाकायचा, सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा. हौशी माणसाला गाडी खोलण्याची घाई असते, कारण खोलणं सोपं असतं. अर्धवट खोलून पोत्यात भरलेल्या जीपा धुळे-जळगाव जिल्ह्यांत कमी नाहीत. विकायला आलेली सुटी जीप स्वस्त दिसते. ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पत्र्याचं. कोकणातली जीप वरून गंजते, खान्देशातली आतून. इथली हवा कोरडी, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास, त्यामुळे बॉनेट, मडगार्ड, दारांचे काठ हे सगळं वीस-पंचवीस वर्षांनीही बऱ्यापैकी धड सापडतं. पाहणारा खूश होतो. खरा घात करते ती काळी माती. पावसाळ्यात कपाशीच्या शेतातून गाडी बाहेर पडते तेव्हा हा चिखल चाकांना लागतोच, पण सांगाड्याच्या आडव्या पट्ट्यांत, पाट्यांच्या शॅकलमागे, फ्लोअरच्या घडीतही जाऊन बसतो. वरून वाळतो, आत ओल धरून राहतो. दिवाळीपर्यंत तो दगडासारखा घट्ट होतो आणि कोणी काढत नाही. पुढच्या पावसात त्याच्यावर दुसरा थर. आमच्या जीपच्या मधल्या क्रॉस मेंबरमधून छन्नीने घमेलीभर माती निघाली, आणि मातीबरोबर पापुद्र्यांनी लोखंडही. सांगाडा सरळ आहे की मुरगळलाय हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही: दोन्ही बाजूंच्या त्याच त्या भोकांपासून दोरीने तिरकी मापं घ्यायची, दोन्ही कर्ण सारखे आले तर जीव भांड्यात. आमचे आले. क्रॉस मेंबर मात्र नवा करून जोडावा लागला, आणि ते वेल्डिंग आम्ही केलं नाही. जिथे स्टीअरिंग आणि पाटे टांगलेले आहेत तिथे शिकाऊ हाताचं वेल्डिंग नको.

जळगावातून धुळ्याला खेपा बऱ्याच झाल्या, आणि त्या काळात फागणे ते तरसोड महामार्गाचं चौपदरीकरण रेंगाळलेलं. पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत माणसाचीच पुनर्बांधणी व्हायची वेळ. तरी जायचो, कारण मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या या गावात डिझेल पंप, नोझल, पाटे, रेडिएटर यांचे जुने कारागीर अजून टिकून होते. ट्रकांनी सांभाळलेली विद्या ती, जीपला आयती मिळाली. पंपाचं काम करणाऱ्या चाचांनी आमचा नोझल टेस्टरवर लावला, एकदा दांडा दाबला आणि फवाऱ्याऐवजी निघालेली पिचकारी आम्हाला दाखवली. ‘इसी लिए काला धुआँ, भाऊ.’ त्यापुढे व्याख्यान नाही. धुळ्यात असंच चालतं, वाक्याची सुरुवात हिंदीत आणि शेवट भाऊवर.

इंजिनात आम्ही सगळ्यात जास्त शिकलो. एक्सडीपीचे लाइनर वेट जातीचे, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या अंगाला थेट थंडाव्याचं पाणी खेळतं. हौशी माणसाच्या दृष्टीने ही मोठी सोय. सिलिंडर झिजला तर ब्लॉक बोअरिंगला न्यायची गरज नाही, जुना लाइनर काढा, नवा लाइनर-पिस्टन बसवा. पण आमच्याकडे याला एक खान्देशी पेच आहे. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये विहिरीचं आणि बोअरचं जड पाणी पडलेलं. ब्लॉकच्या आतल्या वाटा क्षारांनी अरुंद झालेल्या आणि लाइनर जिथे टेकतो त्या कडेवर पांढरा खडक जमलेला. त्याच्यावर नवा लाइनर ठेवला की तो नीट बसत नाही. लाइनरची वरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर, आणि चारही लाइनरांची सारखी हवी. ते मोजायला डायल गेज लागतो. एक जरी खाली राहिला तरी गॅस्केट तिथून उडतं, पाणी तेलात जातं, आणि मग लोक म्हणतात की प्यूजो इंजिन तापतं, हेड खातं. एक्सडीपीची अपकीर्ती खान्देशात मी पुष्कळ ऐकली आहे. इंजिनाचा त्यात थोडा दोष असेलही, पण बराचसा पाण्याचा आणि कडा न खरवडता बसवलेल्या लाइनरांचा. आमच्या इंजिनात आता साधं पाणी जात नाही, कूलंट जातं, तेही डिस्टिल्ड पाण्यात मिसळून. गावातले लोक याला लाड म्हणतात.

क्रँक घासणं, हेडची पातळी करणं, व्हॉल्व्ह सीट हे सगळं लेथवाल्या आप्पांकडे गेलं. घरी झालं ते धुणं, मोजणं आणि जोडणं. पूर्वी भाग धुवायला रॉकेल असायचं. ते दिसेनासं झाल्यापासून डिझेलनेच धुवावं लागतं आणि हात आठवडाभर वास सोडत नाहीत.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. लेथ बंद, पार्टची दुकानं बंद, धुळ्याचा रस्ता बंद. एरवी चार सुट्यांत रेटून संपवलं असतं ते ट्रान्स्फर केसचं काम त्यामुळे सावकाश झालं, आणि म्हणूनच चांगलं झालं. चार चाकं आणि लो रेंज लावणाऱ्या या डब्याचं घराणं दुसऱ्या महायुद्धातल्या जीपपर्यंत जातं. त्याच्या मधल्या शाफ्टची झीज हे जुनं दुखणं. शाफ्ट झिजला की तेल गळतं, तेल संपलं की गिअर रडतात. ही चार चाकांची यंत्रणा मधल्या डिफरन्शियलशिवायची, म्हणून कोरड्या डांबरावर ती लावून फिरायचं नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर चालतात, त्या फरकाला सुटायला वाट नसते आणि ताण सगळा शाफ्टवर आणि जॉइंट क्रॉसवर येतो. काळ्या चिखलात चाक घसरून तो ताण आपोआप सुटतो. फोर बाय फोरचा बोर्ड लावून शहरभर चारही चाकांवर हिंडणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

वायरिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुनी सगळी काढून फेकली, नवी फ्यूजसह ओढली. रंगाचं मात्र सांगतो. जळगावात उन्हाळ्यात घरच्या शेडमध्ये रंग मारू नये. फवारा पत्र्यापर्यंत पोचेपर्यंत थिनर उडून जातो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. हिवाळ्यात मारावा तर जिनिंगच्या दिवसांत हवेत कापसाची रुई. आम्ही पहाटेची वेळ धरली, मंद वाळणारा थिनर घेतला. रंग मिलिटरी हिरवा नाही. मूळ फिकट करडा, जो डॅशबोर्डच्या मागे सापडला तोच.

या मूळ रंगावरून बरीच बोलणी खाल्ली. २०१० मध्ये थार आली आणि २०२० मध्ये नवी थार, तेव्हापासून जुन्या जीपला अचानक भाव आला. हरियाणातल्या मंडी डबवालीची घडवलेली जीप, रुंद टायर, लोखंडी बंपर, दिव्यांची रांग ही आमच्याकडच्या तरुणांचीही स्वप्नं झाली. मला ती आवडत नाहीत हे बाजूला ठेवतो. पण ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून हटेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. दिसायला जीप आणि कागदावर दुसरंच काही, अशी गाडी अपघातानंतर विमा मागायला गेली की मालकाला तिची खरी किंमत कळते.

आरटीओच्या तपासणीच्या दिवशी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतला आणि एकेक आकडा उमटला तेव्हा आम्हा दोघांनाही हायसं वाटलं. गंजाने तो खाल्ला असता तर बाकीचं सगळं काम निव्वळ शोभेचं ठरलं असतं. त्यानंतरचा मोठा प्रवास चोपडा, शिरपूर, शहादा करत तोरणमाळचा. सातपायरी घाटात दुसऱ्या गिअरवर ती शांतपणे चढली. चार चाकं लावायची वेळच आली नाही, रस्ता डांबरी आहे.

आता अशा जीपा मिळणंही आटत चाललं आहे. वनखातं, पाटबंधारे, जिल्हा परिषद यांच्या लिलावांतून पूर्वी धड कागदांच्या जीपा बाहेर पडत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणीच रद्द होते आणि ती थेट मोडीत जातात. उरल्या त्या शेतकऱ्यांच्या खळ्यांतल्या. तिकडे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हिंटेजचा दर्जा दिला, ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक आणि २०,००० रुपये नोंदणी फी. पण ती गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. तीस-पस्तीस वर्षांची जीप या दोन्हींच्या मध्ये अडकलेली आहे, ना नवी ना पुराणवस्तू.

म्हणून ज्यांच्या खळ्यात अशी एखादी उभी असेल त्यांना विनंती आहे: पावसाळ्याआधी तिच्या सांगाड्यातली माती काढा, आरसी पुस्तक शोधा आणि पाने घेण्याआधी आरटीओत जाऊन या. आम्ही २०२१ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण केलं तेव्हा मोटारीची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००.