हद्द बदलली, वाचक तोच

बेळगावच्या मराठी दैनिकांत ग्रामीण पानावर बातमीच्या डोक्यावर आजही 'वार्ताहर / कंग्राळी बुद्रुक' नाहीतर 'वार्ताहर / कंग्राळी खुर्द' असे छापलेले असते. खाली पारायणाची सांगता, कुस्त्यांचे मैदान, मराठी शाळेचे स्नेहसंमेलन, पावसाळ्यात मार्कंडेय नदीचे पाणी शिवारात शिरल्याची बातमी. राजधानी बेंगळुरू, सरकारी कारभार कन्नडमधून, आणि गावाची खबर मात्र मराठीतून. ही घडी १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर बसलेली नाही. ती त्याच्या कितीतरी आधीची आहे.

बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ मध्ये निघाले आणि 'बेळगाव समाचार' १८६३ मध्ये. १९१९ मध्ये बाबूराव ठाकूर यांनी 'तरुण भारत' काढला. शामराव देसाई यांचा 'राष्ट्रवीर' ब्राह्मणेतर चळवळीचा आवाज होता. या गावाने साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही संपादकांच्या हाती दिले: १९२९ मध्ये 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे, १९४६ मध्ये नागपूरच्या 'तरुण भारत'चे ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो याच १९४६च्या संमेलनात. साहित्य, राजकारण आणि वर्तमानपत्र यांच्यात इथे भिंत नव्हती. विशेष म्हणजे 'संयुक्त कर्नाटक' हे कन्नड दैनिकही मूळचे बेळगावचेच. ते पुढे हुबळीला गेले. आपापल्या भाषिक प्रदेशाच्या एकीकरणाची दोन्ही स्वप्ने एकाच शहरातल्या छापखान्यांतून बाहेर पडली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच महिन्यात, १५ तारखेला, मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी आचार्य अत्र्यांचा 'मराठा' सुरू झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि 'मराठा'चे मुख्य उद्दिष्ट पार पडले. बेळगावच्या वृत्तपत्रांचे पडले नाही. चळवळ संपली नाही, म्हणून चळवळीचे पत्रही निवले नाही. १ नोव्हेंबरचा काळा दिवस, १७ जानेवारीचा हुतात्मा दिन, सीमाप्रश्नावरील महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल, १९८६ मधले कन्नडसक्तीविरोधी आंदोलन आणि त्यातला गोळीबार, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा: सीमाभागातल्या घरांनी हा सगळा इतिहास पाठ्यपुस्तकात नाही, सकाळच्या अंकात वाचला. शाळेचे पुस्तक जे सांगत नव्हते ते सांगण्याचे काम पत्रांवर आले आणि त्यांनी ते निष्ठेने केले.

हद्द बदलूनही वाचक तोच राहण्याचे जगाच्या दुसऱ्या टोकाला एक जवळचे उदाहरण आहे. ट्रान्सिल्व्हानिया १९२०च्या त्रियानों तहाने हंगेरीकडून रुमानियाकडे गेला. डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि त्याच दिवसांत क्लुज शहरात 'सबादशाग' हे हंगेरियन दैनिक निघाले. त्याच महिन्यात तिथल्या हंगेरियन लोकांची राजकीय संघटनाही उभी राहिली. साम्यवाद गेल्यावर पूर्व युरोपात पाश्चात्त्य नमुन्याचे कायदे आले, परदेशी मालक आले, आणि तरी प्रत्येक देशातली पत्रे वेगवेगळी घडली. पोलंडचे 'गझेता विबोर्चा' ८ मे १९८९ रोजी 'सॉलिडॅरिटी' चळवळीच्या कुशीत जन्मले. हंगेरीत 'नेप्साबादशाग' हे दैनिक २०१६ मध्ये अचानक बंद झाले आणि दोन वर्षांत सरकारधार्जिण्या माध्यमांची एकच मोठी संस्था उभी राहिली. हॅलिन आणि मान्चिनी या अभ्यासकांनी २००४ मध्ये माध्यमव्यवस्थांचे वर्गीकरण केले, त्यात पत्रे आणि राजकीय पक्ष यांच्या नात्याला एक मुख्य कसोटी मानले. त्यांचा मूळ अभ्यास पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेपुरता होता. पण ही कसोटी बेळगावला चपखल लागू पडते. कायदा तोच, जो बेंगळुरूच्या पत्रांना. घडण मात्र वाचकांच्या संस्कृतीची.

पत्र आणि पक्ष यांच्या या नात्याची किंमतही मोजावी लागली. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीतल्या गटबाजीवर परखड लिहायला घरचेच पत्र कचरते. शेजारचा कन्नड भाषक बातमीत येतो तो बहुधा वादाच्या निमित्ताने. खरे तर सीमाभागातल्याच निपाणीने वेगळी वाट दाखवली होती. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक रस्त्यावर बसले तेव्हा भाव हा मुद्दा होता, भाषा नव्हे. ६ एप्रिलला गोळीबारात शेतकरी मेले. तंबाखूच्या दराची ती बातमी दोन्ही भाषांच्या शेतकऱ्याची होती. असे विषय सीमाभागात कमी नाहीत. त्यांचा पाठपुरावा कमी आहे, आणि ही उणीव दुखते.

गेल्या काही वर्षांत पत्र आणि पक्ष यांची गाठ सैल होते आहे. २०१८च्या विधानसभा निवडणुकीत समितीला एकही जागा मिळाली नाही, आणि २०२१ मध्ये बेळगाव महापालिकेत भाजपने स्पष्ट बहुमत मिळवले. मराठी दैनिकांचा वाचक मात्र मतपेटीमागे गेला नाही. तो कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या ग्रामीण साहित्य संमेलनांना गर्दी करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा वृत्तान्त पानावर शोधतो. म्हणजे पत्राला धरून ठेवणारी दोरी पक्षाची नव्हतीच.

आता प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. कंग्राळीतल्या मुलाला शाळेत कन्नड शिकावीच लागते. मराठी घरची, इंग्रजी नोकरीची. तीन लिप्या वाचणारा असा वाचक या पत्रांना पूर्वी कधी मिळाला नव्हता. बेळगावच्या कन्नड दैनिकांत काय छापून येते हे तो स्वतः पडताळू शकतो. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के असतील तिथे सरकारी कागदपत्रे त्यांच्या भाषेत द्यावीत, ही मागणी पत्रांनी वर्षानुवर्षे लावून धरली. तीच चिकाटी त्यांनी पाण्याच्या, शेतजमिनीच्या, मार्कंडेयच्या प्रदूषणाच्या बातमीत दाखवावी, आणि त्या बातमीत कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याचे म्हणणेही नावानिशी छापावे.