मोटारसायकलीस रिमोल्ड किंवा रंगीत टायर घालावा काय?

झिजलेला टायर टाकून नवा घ्यावा, कीं त्याच्यावरच नवें रबर चढवून आणखी एक-दोन वर्षें काढावीं, हा प्रश्न आमच्या नृसिंहवाडी-शिरोळ भागांतील शेतकरी बंधु आम्हांस वारंवार विचारितात. तरुण मंडळींचा प्रश्न निराळा असतो. लाल किंवा निळ्या रंगाचा टायर बसविल्यास गाडी शोभून दिसेल. त्यांत बिघडलें काय? आम्हीं उभा जन्म महसूल खात्यांत कारकुनी केली. यंत्रविद्या हा आमचा विषय नव्हे. तथापि घरांत घडलेल्या एका प्रसंगामुळें या विषयाची चौकशी करणें आम्हांस भाग पडलें. त्या चौकशींत जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहों.

आमचा पुतण्या पहांटे मळ्यांतील वस्त्यांवरून दूध गोळा करून वाडींतील पेढे-बासुंदीच्या दुकानांस पोंचवितो. मागच्या चाकाचा टायर गुळगुळीत झाला, तेव्हां नव्याच्या निम्म्याहून कमी किंमतींत मिळाला म्हणून त्यानें रिमोल्ड टायर घातला. पैसे आम्हींच दिले व काटकसरीबद्दल त्याची पाठही थोपटली. तीन महिने कांहीं झालें नाहीं. पुढें एका पावसाळी पहांटे कुरुंदवाडच्या पुलाकडून येत असतां वरचा रबराचा पट्टा वीतभर सुटला, मडगार्ड व चेन यांमध्यें अडकला आणि चाक जागच्या जागीं बांधल्यासारखें झालें. दुधाचे दोन्ही कॅन रस्त्यावर सांडले, पोराचें मनगट मोडलें. मागून उसाची ट्रॉली येत नव्हती, एवढेंच दैव.

दोष विकणाऱ्याचा, चढविणाऱ्याचा कीं आमचा, हा वाद आम्ही घालीत नाहीं. पट्टा सुटला कां, हें समजून घेणें अधिक उपयोगाचें. कच्चें रबर तापविलें असतां चिकट होतें. त्यांत गंधक मिसळून तापविलें म्हणजे तें घट्ट व लवचीक बनतें. ही क्रिया अमेरिकेंत चार्लस गुडइयर यानें १८३९ सालीं शोधून काढिली. परंतु एकदां या रीतीनें शिजलेलें रबर पुनः वितळून एकजीव होत नाहीं. भट्टींत भाजलेली वीट पुनः माती होत नाहीं, तसेंच हें. म्हणून जुन्या टायरवर नवा थर बसविण्यासाठीं जुना पृष्ठभाग खरवडतात, मध्यें कच्च्या रबराची पातळ पट्टी घालतात आणि दाबाखालीं तापवितात. तयार नक्षीचा पट्टा लावावयाचा असल्यास सुमारें शंभर अंश उष्णतेच्या पेटींत टायर कांहीं तास ठेवितात. सांच्यांत नक्षी उठवावयाची असल्यास उष्णता दीडशें अंशांच्या आसपास लागते. जुन्या-नव्याचा सारा मिलाफ त्या मधल्या पातळ पट्टीवर अवलंबून. खरवड नीट झाली नाहीं, धूळ राहिली, ओल राहिली, तर विटांच्या सांध्यांत चुन्याऐवजीं राख भरल्यासारखें होतें.

यावरून रिमोल्ड हा प्रकारच वाईट, असें मात्र कोणी समजूं नये. विमानांचे टायर कडक तपासणीखालीं अनेक वेळां असेच नव्यानें रबर चढवून वापरितात. ट्रक व एस. टी. गाड्यांतही हा व्यवहार जुनाच आहे. आमच्या उसाच्या टायरगाडीस, जिला कित्येक गांवीं डनलॉप गाडी म्हणतात, जुना किंवा रबर चढविलेला टायर खुशाल घालावा. फरक गतीचा आहे, आणि तो आंकड्यांनीं पाहण्याजोगा आहे. मोटारसायकलीच्या चाकाची त्रिज्या सुमारें तीस सेंटिमीटर. ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें तें सेकंदास सातांहून अधिक फेरे घेतें, व टायरच्या कडेवरील प्रत्येक कण आपल्या वजनाच्या सुमारें पासष्टपट ओढीनें बाहेर निसटूं पाहतो. म्हणजे पाव किलो रबर सोळा किलोंच्या जोरानें सुटूं पाहतें. तेंच पाव किलो रबर बैलाच्या चालीनें जाणाऱ्या गाडीवर असेल, तर ही ओढ शंभर ग्रॅमही भरत नाहीं. ट्रकच्या चाकावर ओढ लहान नसते हें खरें. परंतु त्याचा सांगाडा जाड असतो, पुष्कळदां पोलादी तारांचा असतो, आणि एका चाकानें दगा दिला तरी गाडी सांवरण्यास बाकीचीं चाकें उरतात.

दुचाकीस दुसरा आधार नसतो. शिवाय वळणावर ती कलते, म्हणून तिचा टायर वरून गोल असतो व जमिनीस त्याचा तळहाताएवढाच भाग टेकतो. सपाट टायरवर पट्टा बसविणें सोपें. या गोल व पातळ अंगावर तो कडेपर्यंत सारखा चिकटविणें अवघड, आणि कलतांना नेमकी कडच ओढली जाते. युरोपांत पाळले जाणारे रबर चढविलेल्या टायरचे दोन आंतरराष्ट्रीय नियम आहेत: क्रमांक १०८ मोटारींसाठीं आणि १०९ मालवाहू गाड्यांसाठीं. मोटारसायकलीचा टायर या दोहोंत येतच नाहीं.

आमच्या तालुक्यास आणखी एक धोका आहे. कृष्णा-पंचगंगेच्या २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत गाड्या पाण्यांत बुडून राहिल्या. टायरला बारीक चीर असेल, तर तींतून पाणी आंतील कापडी धाग्यांत शिरतें आणि बाहेरून अंग कोरडें दिसलें तरी आंत मुरून राहतें. अशा सांगाड्यावर गरम थर चढविला कीं ओलीची वाफ होऊन फोड धरतो. पुरांत बुडालेला टायर म्हणून रबर चढविण्यास देऊं नये व दुसऱ्याचा असला तर घेऊं नये. तसेंच गुळगुळीत टायरवर चाकूनें पुनः नक्षी कोरून विकणारेही आढळतात. हा तर उघड घात आहे. उरलेलें थोडें रबरही त्यांत कापलें जाऊन धागा उघडा पडतो.

पैशाचा हिशेब पाहूं. ट्रकच्या टायरची मोठी किंमत त्याच्या सांगाड्यांत असते, म्हणून तो वांचविण्यांत अर्थ आहे. मोटारसायकलीचा सांगाडा हलका व स्वस्त. खरवडणें, चिकटविणें, तापविणें ही मजुरी मात्र चुकत नाहीं. टायरची किंमत तो जितके किलोमीटर चालला तितक्यांनीं भागावी. मग स्वस्त कोणता तें कळतें. आमच्या घरच्या हिशेबांत दोन कॅन दूध, मनगटाचें प्लास्टर व दीड महिन्याचा बुडालेला धंदा धरिल्यावर भागाकार करण्याची गरजच उरली नाहीं.

आतां रंगाविषयीं. टायर काळा असतो तो शोभेकरितां नव्हे. रबर मूळचें पांढुरकें. मिशेलिन कंपनीचा १८९८ सालचा टायरांचा बाहुला पांढरा आहे, कारण त्या काळीं टायरच फिकट रंगाचे असत. रबरांत काजळी मिसळल्यास तें बळकट होतें, हें १९०४ सालीं लंडनच्या सिल्व्हरटाऊन येथील कारखान्यांत आढळलें. पुढें ती टायरच्या नक्षींत पडूं लागली व टायरचें आयुष्य कित्येक पटींनीं वाढलें. ही काजळी तेलाच्या अर्धवट ज्वलनानें करितात; दिव्यावर काजळ धरितात त्याचाच मोठा प्रकार. टायरच्या वजनाचा सुमारें चौथा हिस्सा ती असते. ती झीज थोपविते, उष्णता पसरविते व उन्हापासून रबराचें रक्षण करिते. अलीकडे तिच्या जोडीस सिलिका घालतात, आणि केवळ सिलिकेवर रंगीत टायर बनवितांही येतो. सायकलीस तो चालतो. परंतु आमच्या वैशाखांतल्या उन्हांत उभी राहणारी, दोन कॅन व वैरणीचा भारा वाहणारी गाडी असेल, तर काळाच टायर घ्यावा. परदेशीं रंगीत धूर काढणारे मोटारसायकलीचे टायर मिळतात. ते जागीं चाक घासून तमाशा दाखविण्यासाठीं आहेत.

काळ्या टायरच्या बाजूवरील अक्षरें पांढऱ्या रंगानें रंगविण्यास आमची हरकत नाहीं. मात्र त्या रंगाखालीं चिरा झांकूं नयेत. नक्षीवर रंग किंवा तेल लागतां कामा नये. खंडेनवमीस गाडी धुऊन टायर चकचकीत दिसावे म्हणून त्यांवर डिझेल अथवा पॉलिश चोपडण्याची चाल पडली आहे. डिझेलानें रबर फुगतें, आणि पूजेनंतरच्या पहिल्याच वळणावर चाक घसरतें. हळदकुंकू पुरे आहे.

नवा टायर घेतांना बाजूवरील चार आंकडे वाचावे. २३२४ असें असल्यास तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला, असा अर्थ. हे आंकडे खरवडलेले असतील, किंवा नक्षीच्या कडेनें सांध्याची रेघ दिसेल, तर दुकानदार नवा म्हणून रिमोल्ड देत आहे, असें समजावें. मापापुढें ४७ हा आंकडा असेल, तर तो टायर १७५ किलो भार सोसतो. ५४ असेल, तर २१२ किलो. दूध वाहणाऱ्यानें मागच्या चाकास गाडीच्या पुस्तकांत सांगितल्याहून कमी आंकड्याचा टायर केव्हांही घेऊं नये. नक्षीच्या खांचांत रबराचे लहान उंचवटे असतात; वरचें रबर झिजून त्यांच्याशीं सपाट झालें कीं टायर बदलावा, मग तो वर्षाचा असो वा तीन वर्षांचा.

काढलेला जुना टायर भंगारवाल्यास तसाच देऊं नये. करवतीनें एका ठिकाणीं आरपार कापून द्यावा. भाव थोडा कमी येतो. पण तो टायर रबर चढून दुसऱ्या कोणाच्या चाकावर बसत नाहीं.