रस्टची दहा वर्षं: भाषा आणि तिची अवजारं

१५ मे २०१५ रोजी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची १.० आवृत्ती बाहेर पडली. त्याआधीची रस्ट आज समोर ठेवली, तर रोज रस्ट लिहिणाऱ्यालाही ती पटकन ओळखता येणार नाही. ग्रेडन होअर यांनी मोझिलात नोकरी करता करता २००६ मध्ये हा उद्योग स्वतःपुरता सुरू केला. २००९ पासून मोझिलाने त्यामागे पैसा आणि माणसं उभी केली. पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये लिहिलेला होता. २०११ मध्ये रस्टचा कंपायलर रस्टमध्येच आला. तेव्हा भाषेत गार्बेज कलेक्टर होता, हलके थ्रेड सांभाळणारा स्वतःचा रनटाइम होता. १.० येईस्तोवर दोन्हींना निरोप मिळाला होता. २०१३ मध्ये खुद्द होअरही प्रमुखपदावरून बाजूला झाले. मूळ कर्ता बाजूला झाल्यावरही काटछाट चालूच राहिली, आणि माझ्या मते रस्ट तगली ती याच काटछाटीमुळे.

उरलं ते मालकीचं तत्त्व. सी आणि सी++ मध्ये मेमरी मागून घेणं आणि वेळेवर परत करणं ही प्रोग्रामरची जबाबदारी. परत केलेली जागा चुकून पुन्हा वापरली किंवा हद्दीपलीकडचं वाचलं, तर कंपायलर बहुधा गप्पच राहतो. २०१४ चं हार्टब्लीड प्रकरण असंच घडलं: समोरच्याने सांगितलेली लांबी ओपनएसएसएलने न पडताळता खरी मानली आणि सर्व्हरच्या मेमरीतला भलताच मजकूर बाहेर गेला. मायक्रोसॉफ्टने आपल्या सुरक्षा-त्रुटी आणि क्रोमियमने आपल्या गंभीर सुरक्षा-त्रुटी मोजल्या, तेव्हा दोन्हीकडे सुमारे ७० टक्के याच जातीच्या निघाल्या. रस्टचा नियम असा, की प्रत्येक मूल्याला एकच मालक. ते उसनं देता येतं. वाचायला कितीही जणांना, बदलायला मात्र एका वेळी एकालाच. हे सगळं प्रोग्राम चालण्याआधीच तपासलं जातं.

जून २०२१ च्या १.५३ आवृत्तीपासून व्हेरिएबलची नावं देवनागरीतही देता येतात, तेव्हा उदाहरण तसंच घेऊ. ‘नाव’ ही स्ट्रिंग ‘छापा’ नावाच्या फंक्शनला दिली आणि पुढच्या ओळीत ‘नाव’ पुन्हा वापरलं. कंपायलर ई०३८२ ही चूक दाखवून थांबतो. पण तेवढ्यावर भागवत नाही. ‘नाव’ कुठे जन्मलं, मालकी कुठल्या ओळीत गेली आणि नंतर ते कुठे वापरलं, अशा तिन्ही जागा तो खुणा करून दाखवतो. वर सुचवतो, की ‘छापा’ला मालकी लागतच नसेल तर उसनं घ्या, नाहीतर प्रत काढा. (हे सारं इंग्रजीतच सांगतो, हे आलंच.) २०१६ मध्ये हे संदेश नव्याने घडवले गेले, त्यात एल्म या भाषेची प्रेरणा होती. गोंधळात टाकणारा संदेश ही कंपायलरमधलीच चूक समजून दुरुस्त करायची, ही शिस्त तेव्हापासून अंगवळणी पडली.

उसनवारीची ही तपासणी सुरुवातीला मात्र हटवादी होती. उसनं घेतलेलं मूल्य शेवटचं कुठे वापरलं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. महिरपी कंस संपेपर्यंत उसनवारी चालूच धरायची. त्यामुळे बिनचूक प्रोग्रामही अडत आणि लोक केवळ तिची समजूत घालायला जादा कंस टाकत. डिसेंबर २०१८ च्या १.३१ मध्ये हा जाच बराच कमी झाला.

माझ्या लेखी रस्टच्या यशाचं निम्मं श्रेय कार्गो या पॅकेजेस सांभाळणाऱ्या अवजाराचं आहे. सी++ च्या प्रकल्पात दुसऱ्याची लायब्ररी जोडणं हेच एक स्वतंत्र काम होऊन बसतं. कार्गोत ती एक ओळ असते. प्रसिद्ध झालेलं पॅकेज मागे घेता येतं, पण त्यावर आधीच विसंबलेल्यांना ते मिळत राहतं. संपादकात सूचना देणारं पहिलं अवजार, आरएलएस, संथच राहिलं. शेवटी रस्ट-ॲनालायझर हा वेगळा, मुळापासून मांडलेला प्रकल्प २०२२ मध्ये अधिकृत झाला आणि आरएलएस निवृत्त झालं. कंपायलरचा वेग ही तक्रार मात्र जुनीच आहे. सप्टेंबर २०२५ च्या १.९० मध्ये नेहमीच्या ६४-बिट लिनक्सवर एलएलडी हा वेगवान लिंकर आपोआप वापरात आला, तरी मोठ्या प्रकल्पात अजूनही ताटकळावंच लागतं.

नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येते आणि जुना कोड मोडणार नाही, असं वचन आहे. ते पाळायला क्रेटर नावाचं अवजार आहे. ते जाहीर झालेली हजारो पॅकेजेस नव्या कंपायलरवर बांधून पाहतं. मोडतोड करणारे बदल ‘एडिशन’मध्ये येतात: २०१५, २०१८, २०२१ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेली २०२४ ची. वेगवेगळ्या एडिशनची पॅकेजेस एकाच प्रोग्राममध्ये नांदतात. पायथनच्या दोनवरून तीनवर जाण्यात किती वर्षं गेली, हे आठवलं की याचं मोल कळतं. तरी जुलै २०२४ च्या १.८० मध्ये ‘टाइम’ या लोकप्रिय पॅकेजच्या जुन्या आवृत्त्या बांधल्या जाईनात. क्रेटरने धोका आधीच दाखवला होता, तरी बदल पुढे गेला. लोक चिडले, आणि ते रास्तच होतं.

माणसांची घडी बसवणं याहून जड गेलं. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० जणांना कमी केलं, त्यात रस्टशी संबंधित मंडळीही होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये एडब्ल्यूएस, गूगल, मायक्रोसॉफ्ट, हुआवे आणि मोझिला यांनी मिळून रस्ट फाउंडेशन स्थापन केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात चर्चेचं नियमन करणाऱ्या गटाने सामूहिक राजीनामा दिला. २०२३ मध्ये ट्रेडमार्कच्या मसुद्यावरून वादळ उठलं, आणि त्याच वर्षी कारभार नव्या नेतृत्व मंडळाकडे गेला.

रस्टचं फळ कुठे दिसतं म्हणाल, तर अँड्रॉइडमध्ये. एकूण सुरक्षा-त्रुटींत मेमरीशी संबंधित त्रुटींचं प्रमाण तिथे २०१९ मध्ये ७६ टक्के होतं, ते २०२४ मध्ये २४ वर आलं. त्यासाठी जुना कोड सरसकट बदलावा लागला नाही. नवं लिहायचं ते मुख्यतः सुरक्षित भाषांत, एवढंच पथ्य पुरलं. लिनक्स कर्नलने डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये रस्टला दार उघडलं. सीमध्ये मुरलेल्या देखभालकर्त्यांशी खटके उडाले, काही रस्टवाले कंटाळून निघूनही गेले. कर्नलला लागणाऱ्या काही सोयी भाषेत अजून अधिकृतपणे स्थिर झालेल्या नव्हत्या, म्हणून स्थिर कंपायलरला खास स्विच देऊन त्या वापराव्या लागत. २०२४ च्या उत्तरार्धात रस्टच्या चमूने हा स्विच अनावश्यक करणं हे आपल्या मुख्य उद्दिष्टांत घातलं. तेव्हापासून त्या सोयी एकेक करून स्थिर होत आहेत.