मोती सुकले की कुजले? लोंबत्या सक्युलंटच्या पानांचं डीबगिंग

(एपिसोडचा लिखित मजकूर. ऑडिओमधले "म्हणजे कसं ना" थोडे छाटलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

जुलै लागला की माझ्याकडे एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. हिरव्या मण्यांची माळ, पण मणी सुरकुतलेले, काही पिवळट, काही काचेसारखे आरपार. खाली प्रश्न ठरलेला: "दादा, पाणी कमी पडतंय का?" आणि बहुतेक वेळा मेसेज पाठवायच्या आधीच तांब्याभर पाणी ओतून झालेलं असतं.

आज या झाडांबद्दलच बोलू. स्ट्रिंग ऑफ पर्ल्स, स्ट्रिंग ऑफ हार्ट्स आणि बरोज टेल, म्हणजे गाढवाच्या शेपटीसारखं लोंबणारं ते सेडम. नर्सरीत तिन्ही एकाच दोरीवर टांगलेली दिसतात, म्हणून आपण त्यांना भावंडं समजतो. तशी ती नाहीत. पर्ल्स दक्षिण आफ्रिकेतलं, सूर्यफुलाच्या कुळातलं. हार्ट्ससुद्धा दक्षिण आफ्रिकेकडचं, पण ते रुईच्या नातेवाइकांपैकी. बरोज टेल मेक्सिकोचं. साम्य एकच: तिघांनी पाणी पानांत किंवा कंदात साठवायची सोय केलीय. त्यामुळे आजाराची पहिली खबर पानांवरच दिसते.

डोंबिवलीचा प्रॉब्लेम असा की आपल्या हवेत आधीच पाणी आहे. पावसाळ्यात आर्द्रता 80-90 टक्क्यांवर जाते, दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही. मग कुंडीतली माती कशी वाळेल? त्यात नर्सरीतून येणारी रोपं बहुतेक कोकोपीटमध्ये असतात. उरुळी कांचनसारख्या ठिकाणी, कोरड्या हवेत, पॉलीहाउसमध्ये ते ठीक चालतं. तीच कुंडी इथे ग्रिलमध्ये आली की कोकोपीट स्पंजसारखं पाणी धरून बसतं.

आता मुख्य मुद्दा. सुरकुतलेलं पान हा एरर मेसेज आहे, एरर नाही. आमच्या धंद्यात "कनेक्शन टाइमआउट" दिसला म्हणजे सर्व्हर बंद असेल, नाहीतर मधली वायर तुटली असेल. इथेही तसंच. पानापर्यंत पाणी पोचत नाहीये, एवढंच सुरकुती सांगते. कुंडीत पाणीच नसेल, किंवा पाणी भरपूर आहे पण ते वर चढवणारी मुळंच उरली नसतील. चिंब मातीत मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ती गुदमरतात, मग बुरशी हात धुऊन घेते. वर दिसतं मात्र तहानलेलं झाड. आपण आणखी पाणी घालतो. झाड आणखी सुकतं. म्हणजे चुकीचा पॅच प्रॉडक्शनवर टाकून रोज रिस्टार्ट करत बसल्यासारखं.

हे दोन बग वेगळे कसे ओळखायचे? पहिलं काम, कुंडी उचला. हलकी लागली आणि मणी सुरकुतलेत, तर तहान. जड लागली आणि तरी मणी सुरकुतलेत, तर मुळं गेली. एवढ्या एका टेस्टवर निम्म्याहून जास्त केसेस सुटतात. खात्री करायची असेल तर जळून गेलेल्या उदबत्तीची उरलेली काडी घ्या, कुंडीच्या तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढा. काडी ओली, मातीचे कण चिकटलेले, तर पाण्याचं नावसुद्धा काढू नका. मॉइश्चर मीटर ऑनलाइन मिळतात, पण भुसभुशीत मिश्रणात त्यांचं रीडिंग काहीही येतं. उदबत्तीची काडी फुकट आहे.

दुसरं, मणी हलकेच दाबून बघा. तहानलेला मणी मनुकेसारखा लागतो, सुरकुतलेला पण चिवट. कुजका मणी दाबला की फुटतो, पाणी येतं, रंग पिवळट-पारदर्शक. तिसरं, सुरुवात कुठून झालीय ते बघा. मातीजवळची देठं काळी, मऊ पडली असतील आणि शेंडे अजून हिरवे असतील, तर खालून कुजणं चालू आहे. आणि कुंडी हलकी असेल, पोटभर पाणी दिलंय, निथळू दिलंय, तरी तीन-चार दिवसांत मणी टरारले नाहीत, तरीसुद्धा संशय मुळांवरच घ्या.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांची मुलगी म्युनिकला गेली, जाताना तिची पर्ल्सची कुंडी आईकडे सोपवून गेली. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आधी आई, मग कुंडी, असा क्रम. गेल्या जुलैत काकूंनी मला जिन्यात गाठलं. "अरे, तुला झाडांतलं कळतं ना? बघ जरा, दोन रविवार झाले, मी कॅमेरा तिकडे फिरवलाच नाहीये." कुंडी उचलली तर विटेसारखी जड. झाड टोपलीतून काढलं, मुळं तपकिरी, ओढली की वरची साल मोज्यासारखी हातात येत होती. म्हटलं, "काकू, हे झाड वाचणार नाही, पण याच्या फांद्या वाचतील." त्यांना आधी ते पटलं नाही. मुलीनं दिलेलं झाड कापायचं कसं?

पण कापावंच लागतं. मुळं पूर्ण गेली असतील तर माती बदलून काही होत नाही, कारण नवीन मातीतून पाणी ओढायला कोणी उरलेलंच नसतं. अकरा माळा होत्या. ज्या भागात देठ कडक आणि मणी घट्ट, तेवढे हात-हातभर तुकडे कापले, प्रत्येक तुकड्याच्या खालच्या दोन-तीन इंचांतले मणी काढले. कापलेलं टोक सुकायला सावलीत वर्तमानपत्रावर दोन दिवस ठेवले. लोक तिथे हळद लावतात. लावा, नुकसान नाही, पण वाळवण्याला तो पर्याय नाही. मग पसरट कुंडीत नवीन मिश्रण भरून माळा वर गोल गुंडाळून ठेवल्या आणि हेअरपिनने मातीला टेकवल्या. पानाच्या प्रत्येक सांध्याला मूळ फुटू शकतं, फक्त त्याचा मातीशी संबंध यायला हवा. पहिले तीन-चार आठवडे दोन दिवसांआड थोडा फवारा, बास. गंमत म्हणजे ज्या दमट हवेनं जुनं झाड मारलं, तीच मुळं नसलेल्या फांदीला सोसते, कारण पान फारसं सुकत नाही. सात तुकडे लागले. काकूंनी रविवारी कॅमेरा फिरवला आणि मुलीला सांगितलं, "याची केशरचना बदललीय."

मिश्रणाचं म्हणाल तर इंटरनेटवरचे अमेरिकन रेशिओ बाजूला ठेवा. इथे मला चाललेलं प्रमाण: एक भाग माती किंवा कंपोस्ट, दोन भाग जाडसर काहीतरी. परलाइट महाग वाटत असेल तर विटांचे तुकडे फोडून चाळून घ्या, वाटाण्यापेक्षा लहान कण ठेवा आणि चुरा फेकून द्या. चुरा ठेवलात तर तो भोकं बुजवतो आणि सगळी मेहनत वाया. मातीची कुंडी प्लॅस्टिकपेक्षा चांगली, तिच्या भिंतीतूनही पाणी उडतं. आणि माती काठापर्यंत भरा. कुंडी अर्धी रिकामी असेल तर झाडाचा माथा खड्ड्यात बसतो, हवा लागत नाही आणि तिथूनच कुजायला लागतं.

आता टक्कल. खाली माळा लांबलचक आणि वर कुंडीच्या तोंडाशी काहीच नाही, असे फोटोही खूप येतात. याचं कारण बहुतेक वेळा सिलिंगच्या हुकात असतं. आपल्या फ्लॅटमध्ये खिडकीची वरची कड साधारण सात फुटांवर संपते. कुंडी साडेआठ फुटांवर टांगली की माळांना उजेड मिळतो, पण माथ्यावर पडते ती सिलिंगची सावली. साखळी लांब करा, कुंडीचं तोंड खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा खाली आणा. काम संपलं.

उजेड कमी पडतोय हे आणखी एका गोष्टीवरून कळतं: दोन मण्यांमधलं अंतर वाढतं, मणी बारीक होतात, रंग फिका पडतो. एकदा लांबलेला भाग परत जवळ येत नाही, नवीन वाढच घट्ट येते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये समोरच्या कॅमेऱ्याजवळ लाइट सेन्सर असतो. कुठलंही फुकट लक्स ॲप घ्या, फोन कुंडीच्या तोंडावर आडवा धरा. आकडा तंतोतंत नसतो, पण दोन जागांची तुलना उत्तम होते. हॉलच्या मधे दोन-तीनशे लक्स दिसतील, खिडकीशी काही हजार, थेट उन्हात पन्नास हजारांच्या वर. डोळे फसवतात, आपल्याला हॉल "चांगला उजेडाचा" वाटतो. या झाडांना निदान काही हजार लक्स, तेही दिवसाचे बरेच तास हवेत. पर्ल्सच्या मण्यावर एक पारदर्शक रेघ असते, बघितली असेल. ती खिडकी आहे. गोल पानाच्या आतल्या भागापर्यंत उजेड पोचावा म्हणून. रोग समजून घाबरू नका.

उलटा प्रकार ऑक्टोबरमध्ये होतो. चार महिने ढगाळ उजेडात राहिलेलं झाड, आणि एकदम ऑक्टोबर हीट. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी दोन-तीन तासांत पानांवर पांढरे-तपकिरी, कोरडे चट्टे पडतात. ते डाग जात नाहीत, पण पसरतही नाहीत. यावरून ऊन आणि बुरशी यांतला फरक ओळखा: भाजलेला डाग उन्हाच्या बाजूलाच असतो आणि तिथेच थांबतो. सप्टेंबरअखेर ग्रिलला हिरवी जाळी किंवा जुनी सुती ओढणी बांधली तरी पुरतं.

कीड. सगळ्यात त्रासदायक म्हणजे पिठ्या ढेकूण, पानाच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके. फोनच्या कॅमेऱ्यानं दोन-तीनपट झूम करून टॉर्च लावून बघा, पाय दिसतात. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली असेल तर आधी पिठ्या ढेकूण किंवा मावा शोधा. मुंग्या त्यांच्या गोड चिकट स्रावासाठी त्यांना सांभाळतात, म्हणून मुंग्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट इअर बडवर घेऊन एकेक किडा पुसा, झाड बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, दर पाच-सहा दिवसांनी पुन्हा तपासा, असं महिनाभर. एकदा पुसून कधीच भागत नाही, कारण अंडी राहतात. कडुनिंबाचं तेल चालतं, लिटरला पाच मिली आणि थोडा साबण, पण संध्याकाळी मारा आणि आधी एकाच माळेवर मारून बघा. घरात, विशेषतः लहान मुलं असताना, शेतातली कीटकनाशकं आणू नका.

बरोज टेलवाल्यांसाठी एक इशारा. त्याच्या पानावरची निळसर-पांढरी पावडर म्हणजे बुरशी नाही, ते मेण आहे, पानाचं सनस्क्रीन. पुसलंत तर त्या पानावर परत नीट येत नाही. तेलाच्या फवाऱ्यानं तेही जातं. आणि धक्का लागला की याची पानं गळतातच, स्वभावच आहे. गळलेली पानं मातीवर नुसती पसरून ठेवा, बरीचशी रुजतात.

यावरून आठवलं. बरोज टेल ज्या कुळातलं, त्यातच आपली पानफुटी येते. बेंजामिन हेन नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा वनस्पतितज्ज्ञ भारतात होता. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी बेचव, हे त्यानं चाखून नोंदवलं आणि 1815 मध्ये ते लंडनला छापून आलं. कारण नंतर कळलं: ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात. नाइट शिफ्ट म्हणा. आपल्या दमट पावसाळी रात्रींत छिद्रं उघडली तरी पाणी फारसं उडत नाही, म्हणून "आठवड्यातून एकदा पाणी" हा नियम जूनपासून पुढे इथे लागू होत नाही. मी घरात टांगलेल्या कुंड्यांना पावसाळ्यात तीन-तीन आठवडे पाणी देत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र पाच-सहा दिवसांत कुंडी हलकी होते. कॅलेंडर रिमाइंडर लावायचाच असेल तर "पाणी घाल" असा लावू नका, "कुंडी उचलून बघ" असा लावा.

पाण्यावरून: आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालणारे खूपजण आहेत, भावना चांगली. पण त्या पाण्यात नळापेक्षा जास्त क्षार असतात. मोठ्या झाडांना चालून जातं, या छोट्या कुंड्यांत पांढरी पापडी जमते आणि पानांची टोकं तपकिरी होतात. त्या पाण्यानं लादी पुसा.

हार्ट्सबद्दल कमी बोललो, कारण ते सगळ्यात सोसणारं आहे. मातीखाली त्याचे कंद असतात, वेलीवरही मण्यांसारखे कंद धरतात. पानं सगळी गळाली तरी कंद कडक असेल तर झाड जिवंत समजा. वेलीवरचा कंद मातीवर टेकवला की नवीन झाड. हे सेरोपेजिया, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाच्याच वंशातलं. हरिश्चंद्रगडावर पावसाळ्यात त्यातली एक अतिशय दुर्मीळ जात फुलते. ट्रेकला दिसलीच तर फोटो काढा आणि पुढे चला. कंद उकरून कुंडीत आणायचा मोह नको, या जाती आधीच मोजक्या जागी उरल्यात. नर्सरीतलं हार्ट्स दीड-दोनशे रुपयांत मिळतं.

आणि हो, घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर पर्ल्स हाताला लागेल असं ठेवू नका. मणी मटारासारखे दिसतात आणि विषारी आहेत.

फोटो पाठवताना नुसता सुंदर बाजूचा पाठवू नका. देठ मातीत शिरतं तिथला एक, कुंडीच्या तळाच्या भोकांचा एक, आणि खिडकीपासून कुंडी कुठे आहे ते दिसेल असा एक लांबून. सोबत कुंडी उचलल्यावर हलकी लागली की जड, तेवढं लिहा.