एका दिवसातली तीन अंतरं

सकाळी ५.३०
चहाचं आधण चढवते आणि ओठ मिटून गुणगुणायला लागते. आधी खालचा सा, मग हळूहळू वर. रात्री प्रयोग असला की आवाजाला पहाटेच उठवावं लागतं. ऐन साडेआठला हाक मारली तर तो येत नाही. दुसऱ्या अंकातली दोन पानं सलग पुटपुटते. नुसते शब्द, भाव नाही. भाव आत्ता घातला तर रात्रीपर्यंत शिळा होतो.

७.००, गोरेगाव, चित्रनगरी
मालिकेत मी सासू आहे. आज सहा सीन, त्यातले चार दिवाणखान्यातले. मेकअपदादा कपाळाजवळचे केस पांढरे करत असतात आणि मी पानं वाचत असते. आरशात ते पांढरे केस दिसले की रोहिणी हट्टंगडी आठवतात. ‘गांधी’मधल्या कस्तुरबा १९८२च्या, ‘सारांश’मधली मुलगा गमावलेली आई १९८४ची. तेव्हा त्यांनी जेमतेम तिशी ओलांडली होती. ‘सारांश’ पुन्हा पाहताना माझं लक्ष त्यांच्या केसांकडे जातच नाही. बसणं, उठणं, हातांचं थकलेपण एवढंच दिसतं. वय रंगवता येत नाही, ते अंगात मुरवावं लागतं. त्या वयात त्यांना ते कसं जमलं असेल, याचं मला आजही नवल वाटतं.

९.१५, सेटवर
माझा क्लोजअप. लेन्स तीन-चार फुटांवर. मुलाचं काम करणारा नट शेजारच्या सेटवर अडकलाय, म्हणून त्याची वाक्यं एक सहायक दिग्दर्शक सपाट आवाजात वाचतो. कॅमेऱ्याशेजारी लावलेल्या टेपच्या तुकड्याला मी मुलगा मानते आणि त्याच्यावर रागावते. या अंतरावर भुवई जराशी हलली तरी ती आरोळी होते. मास्टर शॉटमध्ये कप उजव्या हातात होता, पदर डाव्या खांद्यावरून पुढे घेतला होता. तेही डोक्यात ठेवायचं आणि डोळ्यांत मात्र त्याचा मागमूस दिसू द्यायचा नाही.

रंगभूमीवरचे काही जण मालिकेला पोटापाण्याचं काम म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. हातात पानं आल्यावर दहा मिनिटांत त्यांतली माणसं उभी करायची, हे मला तालमीच्या खोलीत कधी शिकायला मिळालं नसतं. तिथे महिनाभर हाताशी असतो. इथे लाइट लागेपर्यंतचा वेळ, तेवढाच आपला.

दुपारी १.३०
वरणभात, भाजी. दही नको म्हटलं. नाटक आहे म्हणून आज मला लवकर सोडतात. त्यासाठी माझे सीन सकाळीच उरकून घेतले.

३.००, अंधेरी, डबिंग
एका चित्रपटाचं काम. सीन कोकणातल्या धक्क्यावरचा. चित्रीकरणाच्या वेळी इतका वारा होता की आवाज वापरण्याजोगा राहिला नाही. आता काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन, समोर पडद्यावर मी स्वतः आणि तोंडाशी वीतभर अंतरावर माइक. दिवसातलं सगळ्यांत अवघड काम हेच. आवाज वीतभरच जाणार आहे, पण ऐकणाऱ्याला तो धक्क्यापासून होडीपर्यंत गेलेला वाटला पाहिजे. बांगड्या काढून ठेवते, चपलाही. माइक काही सोडत नाही. त्या सीनमध्ये माझ्या डोक्यावर पाटी आहे, म्हणून इथे दोन्ही हातांनी खुर्ची उचलून धरते. मान ताठली, पोट आवळलं की श्वास आपोआप तसा येतो. ओठांशी शब्द जुळवणं सरावाने जमतं. त्या दिवशीचा श्वास पुन्हा सापडेपर्यंत मात्र लूप फिरत राहतो, आणि आज तो बराच फिरला.

५.४५, गाडीत
विलेपार्ल्याच्या वाटेवर डोळे मिटून बसते. भक्ती बर्वेंचा विचार येतो. ‘ती फुलराणी’ १९७५चं. रंगमंचावर फुलवाली होऊन थिएटर दणाणून सोडणारी ही बाई मुंबई दूरदर्शनवर बातम्याही वाचायची. बातम्या घरच्या दिवाणखान्यात, फुलराणी बाल्कनीच्या टोकाला, आणि गळा एकच. आम्हा नटांचं कौतुक ‘किती वेगवेगळ्या भूमिका केल्या’ असं होतं. मला वाटतं, आधी विचारावं ते हे, की ऐकणारा किती लांब बसलाय हे त्या माणसाला कसं कळत होतं?

६.३०, दीनानाथ नाट्यगृह
नेपथ्य लागतंय. दाराची कडी दोनदा लावून पाहते, खुर्ची हलते का ते बघते. बॅकस्टेजचा एक मुलगा बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसतो; मी रंगमंचावरून साध्या बोलण्यासारखी दोन वाक्यं म्हणते. ऐकू आलं की तो हात वर करतो. ओरडून चालत नाही. ओरडलं की शब्द फाटतो आणि त्याची शेवटची अक्षरं वाटेतच गळतात. सकाळी भुवईत मावणारा राग आता पाठीत, पायांत, वळण्यात न्यायचा असतो.

मेकअप इथे माझा मीच करते. सकाळचे पांढरे केस पुसून टाकते. नाटकात पहिल्या अंकात मी पस्तिशीची आहे आणि मध्यंतरात वीस वर्षं जातात. रंग आणि साडी बदलायला दहा-बारा मिनिटं मिळतात. प्रभाकर पणशीकर १९६२पासून ‘तो मी नव्हेच’मध्ये फिरत्या रंगमंचावर पाच वेगवेगळी माणसं होत राहिले. त्यापुढे आमची दहा मिनिटं म्हणजे चैन आहे.

८.३०
तिसरी घंटा. नटराजाला नमस्कार, एकमेकांना नमस्कार, पडदा.

पहिला अंक धावतो. शनिवारचा प्रेक्षक हसायला आलेला असतो. हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य घ्यायचं. पूर्ण विरू दिला तर प्रयोग बसतो, लवकर घेतलं तर वाक्य वाया जातं. दुसऱ्या अंकात मी मुलाला ‘जा’ म्हणते, त्याच्या आधी थांबते. मालिकेत हे थांबणं संकलक ठरवतो. इथे ते समोरच्या अंधाराकडून समजून घ्यावं लागतं: खोकला थांबला, खुर्च्या करकरायच्या थांबल्या, आणखी थोडं, आता.

११.२०
भेटायला आलेल्यांत एक आजोबा, बाल्कनीत बसलेले. “ताई, सगळं पोचलं. फक्त तो ‘जा’ ऐकू नाही आला. पण तो मुलगा वळला ना, त्यावरून कळलं.”

मेकअप उतरवता उतरवता दिग्दर्शक, मुलाचं काम करणारा नट आणि मी यावरच बोलतो. तो म्हणतो, ऐकू आलाच पाहिजे. दिग्दर्शकांना नको आहे. आईच्याने तो शब्द म्हणवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला दोघांचंही पटतं, म्हणून ठरवलं: उद्या पुण्यात, बालगंधर्वला, तो आधी वळेल आणि ‘जा’ त्याच्या पाठीवर येईल, पूर्ण आवाजात. प्रयोग साडेबाराचा आहे. बस सकाळी सहाला.